गल्लीची रुंदी: जुनी सोसायटी पुनर्विकासाला जाते तेव्हा नेमकं काय ठरतं

तो माणूस आला तेव्हा आम्ही चौघे पार्किंगमध्ये खुर्च्या टाकून त्याची वाट बघत होतो. सेक्रेटरींनी फाइल तयार ठेवली होती: मंजूर नकाशाची झेरॉक्स, बारा सभासदांची यादी, प्रत्येकाच्या फ्लॅटचं क्षेत्रफळ. एका बांधकाम कंपनीकडून तो आमची इमारत बघायला येणार होता. आला, पण इमारतीकडे त्याने मान वर करून पाहिलंही नाही. पिशवीतून टेप काढला, वॉचमनला म्हणाला, “मामा, हे टोक समोरच्या कंपाउंडला लावून धरा,” आणि रस्ता मोजला. दहा पावलं पुढे जाऊन पुन्हा मोजला. मग वळणापाशी तिसऱ्यांदा. वहीत आकडे लिहिले आणि जाताना म्हणाला, “काका, जागा उत्तम आहे. पण तुमच्या गल्लीला साडेसात मीटरच भरतात. नऊ असते तर आज बसून बोललो असतो.”

आमची सोसायटी कोथरूडमध्ये, मुख्य रस्त्यापासून दोन वळणं आत. १९८३ मध्ये बांधलेली, पार्किंगवर तीन मजले, लिफ्ट नाही. निम्मे सभासद सत्तरी ओलांडलेले. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी दवाखान्याचं काम असल्याशिवाय खाली उतरत नाहीत, कारण परत चढायला वीस मिनिटं लागतात. गच्चीवर दोनदा वॉटरप्रूफिंग केलं, तरी स्लॅबचं प्लॅस्टर पडून गंजलेलं लोखंड दिसतं. आणि कोपऱ्यावरच्या सोसायटीत, जी आमच्याच वयाची, आमच्यासारखीच बांधलेली, तिथे आता अकरा मजल्यांचं काम चालू आहे. तिच्यासमोरचा रस्ता बारा मीटरचा आहे. दोन इमारतींमध्ये दुसरा काहीही फरक नाही.

हे असं का, हे समजून घ्यायला मला बराच काळ लागला. वकील, आर्किटेक्ट, महापालिकेच्या खिडक्या, जुने नकाशे असं फिरत फिरत जे कळलं ते इथे मांडतो. पुण्यात आमच्यासारख्या गल्ल्या खूप आहेत आणि तिथली माणसं दर रविवारी पार्किंगमध्ये बसून याच प्रश्नाभोवती फिरत असतात.

चटई किती अंथरायची

पहिला शब्द एफएसआय. सरकारी मराठीत त्याला चटई क्षेत्र निर्देशांक म्हणतात, आणि हा शब्द मला आवडतो, कारण त्यात अर्थ दिसतो: जमिनीच्या मानाने एकूण किती चटई अंथरायला परवानगी आहे. तुमचा प्लॉट ८०० चौरस मीटरचा, म्हणजे साधारण आठ गुंठ्यांचा आहे. एफएसआय १ असेल तर सगळे मजले मिळून ८०० चौरस मीटर बांधता येतं. ते दोनशे-दोनशेचे चार मजले करा किंवा शंभराचे आठ, बेरीज तीच राहते.

आज पुण्यात हा आकडा ठरवणारं पुस्तक म्हणजे एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, जिला सगळे इंग्रजी अक्षरांनी यूडीसीपीआर म्हणतात. डिसेंबर २०२० मध्ये ती लागू झाली. मुंबई आणि मोजके भाग वगळता साऱ्या महाराष्ट्राला हीच नियमावली आहे. त्याआधी प्रत्येक शहराचे नियम वेगळे होते. एकच पुस्तक केल्याने गोंधळ कमी झाला हे खरं. पण नियम मंत्रालयात ठरतो, आणि तो ठरताना कोथरूडची गल्ली आणि सोलापूरची गल्ली एकाच तक्त्यातून मोजली जाते, हेही खरं.

या पुस्तकाप्रमाणे पेठांच्या दाट भागाबाहेर मूळ एफएसआय १.१० आहे. तो जमिनीबरोबर आपोआप येतो, त्याला पैसे पडत नाहीत. त्यावर दोन थर चढवता येतात. एक प्रीमियम एफएसआय, म्हणजे रेडीरेकनरच्या, म्हणजे सरकारने ठरवलेल्या जमिनीच्या, दराशी बांधलेली रक्कम भरून विकत घेतलेला. दुसरा टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जमिनीवरून आणलेला बांधकामाचा हक्क. आणि या सगळ्यांची जी बेरीज होईल तिच्यावर निवासी इमारतीत ६० टक्क्यांपर्यंत अनुषंगिक क्षेत्र मिळतं. पूर्वी जिना, लिफ्ट, पॅसेज, बाल्कनी हे एफएसआयमधून वगळायचे आणि त्यावरून वाद व्हायचे. आता सगळं मोजायचं आणि त्यासाठी ही ६० टक्के भर, तीही पैसे भरून.

टीडीआरवर थोडं थांबतो, कारण तो शब्द सगळ्यांच्या तोंडी असतो आणि फार थोड्यांना उलगडलेला असतो. शहराच्या विकास आराखड्यात एखाद्याच्या जमिनीवर बागेचं किंवा रस्त्याचं आरक्षण पडतं. महापालिकेने ती जमीन रोख मोबदला देऊन घ्यायची म्हटलं तर तिजोरी पुरणार नाही. म्हणून मालकाला एक पर्याय दिला जातो: जमीन आम्हाला द्या, त्या बदल्यात बांधकामाचा हक्क घ्या, पण तो दुसरीकडे वापरा. या हक्काचं प्रमाणपत्र मिळतं. दाट वस्तीबाहेर दिलेल्या जमिनीच्या दुप्पट, दाट वस्तीत तिप्पट. मालक ते बिल्डरला विकतो आणि बिल्डर ते आपल्या प्लॉटवर चढवतो. म्हणजे शहराच्या कडेला कुणी शेताचा तुकडा रस्त्यासाठी दिला की त्याचे मजले कर्वे रस्त्याजवळ उभे राहू शकतात. फक्त वाटेत ते दराप्रमाणे लहान-मोठे होतात. जिथून हक्क आला तिथला रेडीरेकनर दर २० हजार आणि जिथे वापरायचा तिथला ४० हजार असेल, तर १,००० चौरस मीटरचे ५०० राहतात. कल्पना चांगली आहे. पुण्यातले कितीतरी रस्ते आणि शाळांची मैदानं महापालिकेच्या ताब्यात आली ती याच वाटेने.

आता तो टेप.

प्रीमियम आणि टीडीआर किती चढवता येईल हे नियमावलीने समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरवलंय. रस्ता ९ मीटरहून कमी असेल तर दोन्ही शून्य, मूळ १.१० वर थांबायचं. ९ मीटर आणि पुढे, १२ पर्यंत: प्रीमियम ०.५०, टीडीआर ०.४०, एकूण २. पुढे १२ ते १५ मीटरला २.२५, १५ ते २४ ला २.५०, २४ ते ३० ला २.७५ आणि ३० मीटर किंवा त्याहून रुंद रस्त्यावर ३. बारकाईने पाहिलं तर रुंद रस्त्यांमध्ये पायऱ्या पावापावाच्या आहेत. १२ मीटरवाल्याला १५ मीटरवाल्यापेक्षा थोडंच कमी मिळतं. पण ९ मीटरच्या रेषेवर पायरी नाही, कडा आहे. तिच्या एका बाजूला १.१० आणि दुसऱ्या बाजूला २.

तीन फ्लॅट की सोळा

हे गणित मी आमच्या पार्किंगमधल्या फळ्यावर खडूने मांडलं होतं, तसंच इथे मांडतो. आकडे ढोबळ आहेत.

प्लॉट ८०० चौरस मीटर. बारा फ्लॅट, प्रत्येकी ६० चौरस मीटर कारपेट (भिंतींच्या आतली वापरायची जागा), म्हणजे एकूण ७२०. सभासदांना वीस टक्के जास्त जागा मिळावी ही माफक अपेक्षा धरली तर नव्या इमारतीत आम्हाला ८६४ चौरस मीटर कारपेट लागणार.

आजच्या गल्लीत: ८०० गुणिले १.१० म्हणजे ८८०. त्यावर ६० टक्के, ५२८. एकूण १,४०८. यातूनच जिना, लिफ्ट, लॉबी, भिंती जायच्या. त्यांच्यासाठी चौथा हिस्सा सोडला तर कारपेट उरतं १,०५६. आमचे ८६४ काढले की बिल्डरला विकायला १९२ चौरस मीटर. म्हणजे पासष्टएक चौरस मीटरचे तीन फ्लॅट. तीन फ्लॅट विकून बारा कुटुंबांची नवी घरं, दोन-अडीच वर्षांचं भाडं, महापालिकेचे शुल्क, स्वतःचा नफा. कुणीच येणार नाही, आणि त्यात येणाऱ्याचा दोष नाही.

हीच गल्ली नऊ मीटरची असती तर: ८०० गुणिले २ म्हणजे १,६००, अधिक ६० टक्के, एकूण २,५६०. चौथा हिस्सा सोडून कारपेट १,९२०. आमचे ८६४ काढले तर उरतात १,०५६ चौरस मीटर. सोळा फ्लॅट. बिल्डरला प्रीमियम आणि टीडीआर विकत घ्यावा लागेल, तरीही व्यवहार जुळतो.

(तीस वर्षांहून जुन्या सोसायट्यांसाठी नियमावलीत वेगळी प्रोत्साहनपर भर आहे. ती मी इथे धरलेली नाही. तिने दरी थोडी अरुंद होते, मिटत नाही. तुमच्या इमारतीला ती किती लागू पडते हे आर्किटेक्टकडून प्लॉटचे कागद दाखवूनच काढून घ्या.)

आता या फरकाची किंमत जमिनीत मोजू. गल्ली साडेसातची आहे, नऊ हवी आहे. दीड मीटर कमी पडतो. दोन्ही बाजूंनी सारखा वाटला तर आमच्या वाट्याला ७५ सेंटिमीटर. आमच्या प्लॉटची रस्त्याकडची बाजू वीस मीटर आहे. म्हणजे सोडायची जागा १५ चौरस मीटर, एका मोटारीच्या पार्किंगएवढी. बारापैकी एकही सभासद ती द्यायला नाही म्हणणार नाही. आजी तर म्हणाल्या, “घ्या म्हणावं उद्याच.”

पण आम्ही एकट्याने ती देऊन उपयोग नाही, आणि सगळा गुंता इथेच आहे.

२५ फूट

त्याआधी गल्ली साडेसातचीच का, हे पाहायला हवं. जुने लेआउट फुटात आखलेले आहेत. २० फुटी, २५ फुटी, ३० फुटी रस्ते. ३० फूट म्हणजे ९.१४ मीटर. २५ फूट म्हणजे ७.६२. २० फूट म्हणजे ६.१०. ज्याने पन्नास वर्षांपूर्वी पट्टी धरून ३० फूट आखले त्याच्या गल्लीचं आज भाग्य उजळलं, ज्याने २५ आखले त्याची गल्ली अडली. त्या माणसापुढे हा प्रश्नच नव्हता. पुणे सायकलींचं शहर होतं, २५ फुटांत दोन टांगे आरामात जात.

शिवाय बरंचसं पुणे घाईत वसलं. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या आणि हजारो कुटुंबं एका दिवसात बेघर झाली. त्यांच्यासाठी शहराच्या कडेला नव्या वसाहती उभ्या राहिल्या, सहकारी सोसायट्यांना जागा दिल्या गेल्या. छोटे प्लॉट, छोटे रस्ते, लवकरात लवकर डोक्यावर छप्पर. माझे मामा त्या पुरात घर गमावलेल्यांपैकी होते. ते आयुष्यभर त्या २० फुटी गल्लीबद्दल कृतज्ञतेने बोलत. त्याच वसाहती आज पुनर्विकासाच्या दारात उभ्या आहेत आणि त्यांच्या रस्त्यांना सहा मीटर भरतात.

नऊ मीटरचा आग्रह मनमानी नाही, हेही सांगितलं पाहिजे. इमारत उंच झाली की अग्निशामक दलाची गाडी आत येऊन, वळून, शिडी उभारता आली पाहिजे. एका बाजूला मोटारी लागलेल्या असताना ॲम्ब्युलन्स जायला हवी. बारा कुटुंबांच्या जागी अठ्ठावीस आली तर त्यांच्या गाड्या, कचऱ्याचा टेम्पो, पाण्याचा टँकर याच गल्लीतून जाणार. जानेवारी २०१६ मध्ये राज्य शासनाने टीडीआरचे नवे नियम काढले, त्यात नऊ मीटरखालच्या रस्त्यांना टीडीआर बंद झाला. त्यामागे हा विचार होता आणि तो चुकीचा नव्हता. चूक झाली ती पुढच्या पावलाची. अरुंद गल्लीला उंच इमारत नको, ठीक. मग अरुंद गल्लीतल्या मोडकळीला आलेल्या इमारतीने काय करायचं, याचं उत्तर कोणी लिहून ठेवलं नाही.

रस्ता रुंद कोण करतं

पहिला मार्ग विकास आराखडा. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ प्रमाणे महापालिका शहराचा आराखडा करते, लोकांच्या हरकती ऐकते आणि राज्य शासन त्याला मंजुरी देतं. साधारण वीस वर्षांनी त्याचा फेरविचार व्हायला हवा. पुण्याच्या जुन्या हद्दीचा आराखडा १९८७ चा होता, म्हणजे पुढचा २००७ च्या सुमारास यायला हवा होता. प्रारूप २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं, त्यावर ऐंशी हजारांहून जास्त हरकती आल्या. २०१५ मध्ये राज्य शासनाने तो महापालिकेकडून काढून घेऊन त्रिसदस्य समितीकडे दिला, आणि जानेवारी २०१७ मध्ये त्याला मंजुरी मिळाली. दहा वर्षांचा उशीर. तोवर २००७ साली चाळिशीत असलेली माणसं पन्नाशीत गेली, आणि तिशीला आलेल्या इमारती चाळिशीला. तरीही हा आराखडा मोठ्या रस्त्यांचा विचार करतो. दोन वळणं आत असलेल्या गल्लीवर त्याची रेघ क्वचित येते.

दुसरा मार्ग महापालिका कायद्यातला. १९४९ च्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २१० खाली आयुक्त रस्त्याची मार्गरेषा आखू शकतात: हा रस्ता पुढेमागे इतक्या रुंदीचा असेल, जो कोणी नव्याने बांधेल त्याने या रेषेच्या आत यायचं. जमीन आजच्या आज घेतली जात नाही. इमारत पाडून नवी बांधताना पुढची पट्टी सुटते. आणि यूडीसीपीआर सांगते की अशी रेषा आखून रस्ता नऊ मीटरचा ठरला आणि मालकाने पट्टी सोडून दिली, तर त्याला नऊ मीटरच्या रस्त्याचे हक्क मिळतात. आम्हाला हवं आहे ते हेच.

पुण्यात हा प्रयत्न झालेला आहे. जून २०२० मध्ये महापालिकेच्या स्थायी समितीने शहरातले ३२३ रस्ते सहा मीटरवरून नऊ मीटर करण्याच्या प्रस्तावाला मंजुरी दिली, आणि मोठा वाद झाला. हेच ३२३ का, बाकीचे का नाहीत, हा पहिला प्रश्न. ज्या गल्लीत बिल्डरने आधीच जागा घेऊन ठेवल्यात तिथेच रेघ ओढली जाते आहे का, हा दुसरा. बंगल्यांमध्ये राहणाऱ्यांचा तिसरा: आम्हाला पुनर्विकास करायचाच नाही, मग आमचं अंगण का कापायचं? आणि झाडांचा चौथा, कारण प्लॉटच्या पुढच्या दीड मीटरमध्येच कडुनिंब, गुलमोहर, सोनचाफा असतात. मी त्या वेळी वर्तमानपत्रात हे वाचून चिडलो होतो. आम्हाला रस्ता मिळत असताना हे आड का येताहेत, असं वाटलं. आज वाटतं, चारही प्रश्न बरोबर होते. त्यांची उत्तरं द्यायला कुणी गल्लीत आलं नाही.

या मार्गाची आणखी एक गोष्ट नकाशावर दिसत नाही. रेषा आखली तरी रस्ता एका दिवसात रुंद होत नाही. ज्या सोसायटीचा पुनर्विकास होतो तिच्यापुढे तो ७५ सेंटिमीटर रुंद होतो, शेजारच्या बंगल्यापुढे पुन्हा अरुंद. वीस वर्षं गल्ली अशीच फुगत-आवळत राहते, आणि अग्निशामक गाडीच्या दृष्टीने सगळ्यात अरुंद जागा हीच तिची खरी रुंदी असते. मधल्या काळात त्या रुंद तुकड्यांवर मोटारी लागतात.

गल्लीची सभा

आमच्या इमारतीचा निर्णय आम्ही कसा घ्यायचा, हे शासनाने अगदी पायरीपायरीने सांगितलंय. सहकार कायद्याच्या कलम ७९अ खाली ४ जुलै २०१९ चा आदेश आहे. एक पंचमांश सभासदांनी अर्ज केला की विशेष सर्वसाधारण सभा बोलवायची. दोन तृतीयांश गणपूर्ती हवी. एकूण सभासदांपैकी ५१ टक्क्यांची लेखी संमती हवी. सभेचं चित्रीकरण करायचं. विकासक निवडायच्या सभेला निबंधकांचा प्रतिनिधी हजर हवा. विकासकाकडून प्रकल्पखर्चाच्या २० टक्के बँक गॅरंटी घ्यायची. ज्येष्ठ सभासदांनी हा आदेश एकदा स्वतः वाचावा, त्यात फार संरक्षण आहे.

तसंच जमिनीच्या कागदाचं. प्रॉपर्टी कार्डावर सोसायटीचं नाव आहे का, हे आधी बघा. नसेल तर जमीन कागदोपत्री अजून मूळ मालकाची किंवा बिल्डरची आहे. १९६३ च्या मोफा, म्हणजे फ्लॅट विक्रीच्या कायद्याप्रमाणे ती सोसायटीच्या नोंदणीनंतर चार महिन्यांत हस्तांतरित व्हायला हवी होती. हजारो सोसायट्यांची झाली नाही. म्हणून २००८ च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरणाची सोय आली: बिल्डर येत नसेल तर जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करून जमीन नावावर करून घ्यायची. आमचं असंच झालं. ज्याने इमारत बांधली त्याने शेवटचा हप्ता घेतल्यावर कधी तोंड दाखवलं नाही, आणि त्या एका कागदाने आमची तीन वर्षं खाल्ली. पुनर्विकासाचा विचार पुढे दहा वर्षांनी करणार असाल तरी हे काम आज सुरू करा. जोडीला सिटी सर्व्हेची मोजणी, झोन दाखला, भोगवटा पत्र आणि मंजूर नकाशा. रस्त्याची अधिकृत रुंदी याच कागदांवर येते, टेपवर नाही.

तर इमारतीसाठी सभा आहे, गणपूर्ती आहे, टक्केवारी आहे. शहरासाठी महापालिकेची मुख्य सभा आहे, तीही मार्च २०२२ नंतर साडेतीन वर्षांहून जास्त काळ नव्हती. प्रशासकच सगळं बघत होते, आणि नगरसेवकाकडे जाऊन “आमची गल्ली बघा” म्हणायचीही सोय उरली नव्हती. पण या दोहोंच्या मध्ये जी गल्ली आहे, अकरा प्लॉटची, तिचा निर्णय कोणी घ्यायचा? आमच्या हातात ७५ सेंटिमीटर आहेत, समोरच्यांच्या हातात ७५. सगळ्यांनी मिळून रेषा मागितली तर महापालिकेला ती नाकारणं जड जाईल. पण गल्लीची म्हणून सभा कुठे भरत नाही. कायद्यात क्षेत्रसभा नावाची तरतूद आहे, मतदान केंद्राच्या भागातल्या नागरिकांनी एकत्र बसावं अशी. माझ्या भागात ती भरलेली मी कधी पाहिली नाही. पुणे महापालिका २००६ पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामं मागवते, आणि तो चांगला उपक्रम आहे. आम्ही त्यात पदपथाची दुरुस्ती मागितली, बाक मागितला. रस्त्याची रुंदी तिथे मागता येत नाही.

एक वाट एकत्रीकरणाची आहे. शेजारशेजारच्या दोन-तीन सोसायट्यांनी प्लॉट एक केले आणि त्यातला एक रुंद रस्त्याला लागून असला, तर साऱ्या प्लॉटला त्या रस्त्याचा हिशेब लागू होऊ शकतो. प्लॉट मोठा झाल्याने आणखी एक अडचण सुटते. १५ मीटरहून उंच इमारतीला बाजूला उंचीच्या एक पंचमांश जागा सोडावी लागते. २४ मीटर उंचीला दोन्हीकडे ४.८ मीटर. वीस मीटर रुंदीच्या प्लॉटवर मधे जेमतेम १०.४ मीटरची पट्टी उरते. दोन प्लॉट जोडले की मधली मोकळी जागा कामी येते. आम्ही कोपऱ्यावरच्या सोसायटीला हे पाच वर्षांपूर्वी विचारायला हवं होतं. तेव्हा दोन्ही कमिट्यांमध्ये पाण्याच्या लाइनवरून बोलणं बंद होतं.

पाण्याचा विषय निघालाच आहे. नियमावलीचा तक्ता रस्ता बघतो, रस्त्याखालची नळी बघत नाही. पुण्याला पाणी देणाऱ्या खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांची मिळून साठवण सुमारे २९ टीएमसी (अब्ज घनफूट), आणि त्यातूनच शेतीचंही पाणी जातं. गल्लीत बाराच्या जागी अठ्ठावीस कुटुंबं आली आणि शेजारच्या दहा प्लॉटवरही तसंच झालं, तर १९८३ च्या ड्रेनेज लाइनवर सव्वादोनपटीहून जास्त भार येणार. मार्गरेषा आखतानाच नळ, ड्रेनेज, पावसाळी गटार आणि झाडं यांचा गल्लीपुरता एक नकाशा झाला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. तो करायला कुठला नवा कायदा लागत नाही. एक अभियंता, एक उद्यान विभागाचा माणूस आणि गल्लीतली माणसं एका दुपारी चालली तरी अर्धं काम होईल.

पेठांमधल्या वाड्यांची गोष्ट याहून वेगळी आणि अधिक कठीण आहे. तिथे दाट वस्तीचे वेगळे नियम, भाडेकरूंचे हक्क, आणि शनिवारवाडा किंवा पाताळेश्वराभोवती १०० मीटरच्या आत नव्या बांधकामाला केंद्राच्या कायद्यानेच मनाई. त्या १०० मीटरांतल्या माणसाला नऊ मीटरचा रस्ता मिळाला तरी फक्त डागडुजी करता येते. त्यावर स्वतंत्रपणे लिहावं लागेल.

मेट्रोच्या स्थानकापासून ५०० मीटरच्या आत तर एफएसआय ४ पर्यंत जाऊ शकतो. आमची गल्ली त्या वर्तुळात येते का, हे आम्ही मोठ्या आशेने नकाशावर मोजलं. पण तिथेही प्लॉट किती मोठा आणि रस्ता किती रुंद, हे दोन प्रश्न आधी विचारले जातात.

गेल्या महिन्यात आम्ही गल्लीतल्या अकराही दारांवर जाऊन एक कागद दिला. त्यात वरचं गणित होतं आणि एकच विनंती: रविवारी सकाळी दहाला आमच्या पार्किंगमध्ये या. नऊ दारांमधून माणसं आली. आजींना दोघांनी खुर्चीवर बसवून खाली आणलं. आम्ही स्वतः टेप घेऊन सुरुवातीपासून शेवटपर्यंत गल्ली मोजली, दर पाच मीटरवर एक खूण, आणि दोन्ही बाजूंना ७५ सेंटिमीटर आत खडूची रेघ मारली. बहुतेक ठिकाणी ती कुंड्यांवरून, गेटच्या खांबावरून, दुचाकींच्या खालून गेली. सहा नंबरच्या बंगल्यापाशी ती गुलमोहराच्या बुंध्याच्या बरोबर मधून गेली. मालकीणबाई आलेल्या दोन बंगलेवाल्यांपैकी एक. त्या बराच वेळ झाडापाशी उभ्या होत्या. मग म्हणाल्या, “जागा देते. पण रेघ इथे वळवता येते का, ते आधी विचारून या.”

सोमवारी आम्ही तोच प्रश्न लिहून अर्ज दिला. खाली नऊ सह्या आहेत, त्यांचीही आहे.